कौलारू घराचं रेंडर प्लास्टिकसारखं का दिसतं? (ब्लेंडर हे त्रिमिती सॉफ्टवेअर, सायकल्स हे त्यातलं रेंडर इंजिन)

(चर्चेतल्या प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पडवी

दापोलीजवळच्या एका घराचा दर्शनी व्ह्यू करायचा आहे. तळमजला आणि वर पोटमाळा, जांभ्या चिऱ्याच्या भिंती, काळ्या दगडाचं जोतं, मंगलोरी कौलं, पश्चिमेला पडवी. खिडक्यांभोवती आणि आतल्या भिंतींना पांढरा गिलावा. मॉडेल स्केचअपमधलं, रेंडर ब्लेंडर ४.२ मध्ये. १२ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, ५१२ सॅम्पल (दर पिक्सेलला सोडलेले किरण), डिनॉइझर (दाणे पुसणारा) चालू, उजेडाला ४के एचडीआरआय (खऱ्या जागेच्या उजेडाचा चहूबाजूंचा फोटो).

अडचणी अशा: चिऱ्याची भिंत छापील कागद चिकटवल्यासारखी दिसते. पांढरा गिलावा एक तर जळतो, नाही तर राखाडी पडतो. कौलं म्हणजे वरून ओढलेली चादर. माडाच्या झावळ्यांत काळे ठिपके येतात. पडवीच्या आत अंधार. सॅम्पल २००० करून पाहिले, गोंगाट कमी झाला, पण खोटेपणा तसाच राहिला. सुरुवात कुठून करावी?

उत्तरछाया

सॅम्पल वाढवून हे सुटणार नाही. सॅम्पलने फक्त दाणे जातात. चित्र खोटं वाटतं ते आकडे खोटे असल्यामुळे, आणि त्यातला पहिला आकडा सूर्याचा.

फुकट मिळणारे बरेच एचडीआरआय युरोपात टिपलेले असतात. तिथला दुपारचा सूर्यही पुष्कळदा खाली असतो. दापोलीचा अक्षांश पावणेअठरा. डिसेंबरातसुद्धा तिथे माध्यान्हीला सूर्य क्षितिजापासून ४९ अंशांवर असतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला तो थेट डोक्यावर येतो, आणि जूनमध्ये माध्यान्हीला चक्क उत्तरेकडे कलतो. कोकणातला माणूस हे मोजत नाही, पण ही सावली आपल्याकडची नाही हे त्याला लगेच जाणवतं.

म्हणून एचडीआरआय बाजूला ठेवा. स्काय टेक्स्चर लावा, ब्लेंडरच्या एक्स्टेन्शन्समधून उतरवून घ्यायचं सन पोझिशन अ‍ॅडऑन चालू करा, अक्षांश १७.७६ आणि रेखांश ७३.१९ भरा, यूटीसीपासूनच्या वेळेच्या फरकाला साडेपाच तास. उत्तर दिशा स्केचअपच्या फाइलमध्ये बरोबर आहे का ते आधी बघा. अर्ध्या फाइल्समध्ये ती नकाशाच्या कागदाप्रमाणे लावलेली असते, जागेप्रमाणे नाही. घड्याळातले बारा म्हणजे माध्यान्ह नव्हे हेही लक्षात असू द्या. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, त्यामुळे दापोलीला सूर्य माथ्यावर यायला सरासरी बारा वाजून ३७ मिनिटं होतात.

पश्चिमेच्या दर्शनी भागाला जानेवारीतली दुपारची साडेचारची वेळ घ्या. तेव्हा सूर्य साधारण २४ अंशांवर आणि पश्चिमेच्या बराच दक्षिणेला असतो. भिंतीवर तिरका उजेड पडतो आणि चिऱ्याचं प्रत्येक भोक दिसतं. पडताळा असा घ्या: दोन फुटी छज्जाची सावली पश्चिमेच्या भिंतीवर त्या वेळी जेमतेम फूटभर खाली उतरली पाहिजे. कमी-जास्त दिसली तर दिशा किंवा वेळ चुकली.

जोतं

वरच्या प्रतिसादाला जोडून, सूर्याचा आकार. सन लाइटचा अँगल ०.५३ अंश असायला हवा. तो शून्य केला तर सगळ्या सावल्या ब्लेडने कापल्यासारख्या येतात. खऱ्या उन्हात सावली जितकी लांबून पडते तितकी तिची कड धूसर होते: तीन मीटर वरच्या पागोळीची कड साधारण २८ मिलिमीटर, दहा मीटर उंच माडाच्या झावळीची जवळपास ९३ मिलिमीटर. अंगणात झावळीची सावली करकरीत आली की माड कापून चिकटवल्यासारखा वाटतो, मग मॉडेल कितीही भारी असो.

चुनखडी

गिलावा जळतो किंवा राखाडी पडतो, त्याचं कारण बहुतेक बेस कलर (मटेरियलचा मूळ रंग) २५५, म्हणजे पूर्ण पांढरा, ठेवलाय.

२५५ म्हणजे पडलेला सगळा उजेड परत. असा रंग जगात नाही. चांगला नवा पांढरा रंग ८० टक्क्यांच्या आसपास उजेड परत करतो. ०.८ ने पाच वेळा उडालेला किरण एक तृतीयांश उरतो, १.० चा किरण पाच उड्यांनंतरही पूर्णच राहतो. म्हणून २५५ ची खोली आतून पेटल्यासारखी दिसते, कोपऱ्यांतली सावली जाते, आणि तुम्ही एक्स्पोजर खाली ओढता तेव्हा बाकी सगळं मळकट होतं. तुमचा राखाडी गिलावा तिथूनच आला असणार.

लिनिअर (उजेडाच्या खऱ्या प्रमाणातलं) ०.८ म्हणजे कलर पिकरमध्ये २३१ च्या आसपास. पांढऱ्याला २३१ च्या वर जाऊ नका. रंगाच्या कंपन्या शेडला जो एलआरव्ही आकडा देतात तो हाच परावर्तनाचा टक्का. शेडचा फोटो आयड्रॉपरने उचलण्यापेक्षा या आकड्यावर रंग बसवणं खात्रीचं. खालच्या टोकालाही तसंच: काळा दगड शून्यावर ठेवू नका. कोरडा बसाल्ट ८० च्या आसपास, काळा ऑइलपेंट ५० च्या आसपास. यापेक्षा खाली गेलात की जोतं म्हणजे चित्राला पडलेलं भोक दिसतं.

दुसरं, व्ह्यू ट्रान्सफॉर्म (मोजलेला उजेड पडद्यावरच्या रंगात बदलणारं सेटिंग) स्टँडर्डवर आहे का बघा. ४.० पासून नव्या फाइलला एजीएक्स आपोआप असतं, पण जुन्या फाइलमध्ये सीन ओढून आणला असेल तर जुनं सेटिंग राहतं. स्टँडर्डमध्ये उन्हातली भिंत कापली जाते आणि पिवळी-पांढरी फटक पडते. एजीएक्समध्ये उजळ भाग हळूहळू विरतो. तो पहिल्यांदा फिका वाटेल, त्याला लुकमध्ये मीडियम हाय कॉन्ट्रास्ट द्या. स्काय टेक्स्चर १ वर ठेवलं तर चित्र पांढरंफटक होईल. आकाश कमी करू नका, कलर मॅनेजमेंटमधलं एक्स्पोजर उणे तीनपासून सुरू करून बसवा. सूर्य आणि आकाश यांचं आपसातलं प्रमाण मोडायचं नाही, हे महत्त्वाचं.

गवंडीकाम

आता भिंत. 'छापील कागद' दिसण्याची तीन कारणं, तिन्ही एकदम असतात.

एक, कोपरे. स्केचअपची कड शून्य मिलिमीटरची. खऱ्या वस्तूच्या कडेवर उजेडाची बारीक रेघ चमकते, ती इथे येतच नाही. गिलाव्याच्या कोपऱ्याला ३ ते ५ मिलिमीटर, सागाच्या चौकटीला १ ते २, जोत्याच्या घडीव दगडाला ५ ते ८ अशी गोलाई द्या. स्केचअपची जाळी घाण असेल तर बेव्हल मॉडिफायर तिथे फाटतो. अशा वेळी मटेरियलमधला बेव्हल नोड नॉर्मलला जोडा. त्याने आकार बदलत नाही, फक्त कडेचा उजेड बदलतो. घराच्या बाह्यरेषेत मात्र कड टोकदारच राहते, म्हणून कॅमेऱ्याच्या जवळचे दोन-तीन कोपरे हाताने बेव्हल करा.

दोन, जाडी. बाहेरची भिंत एका पानाची (जाडीच नसलेली) ठेवली असेल तर खिडकीच्या आत गालच (भिंतीच्या जाडीची बाजू) दिसत नाही. चिऱ्याच्या भिंतीत खिडकी चांगली खोल असते आणि त्या गालावर पडणारी सावली म्हणजे भिंतीचं वजन. सागाची चौकट भिंतीच्या बाहेरच्या अंगाला नेऊन चिकटवू नका, आत सरकवा. एका पानाच्या भिंतीतून छताच्या सांध्याला उजेडही गळतो.

तीन, खोली. चिऱ्याचं टेक्स्चर घेतलं, बंप (फक्त उजेडातून उंचसखलपणाचा भास) लावला, पण किती मिलिमीटर ते कोणी भरत नाही. बंप नोडमधलं डिस्टन्स मीटरमध्ये असतं. सँडफेस्ड गिलाव्याला ०.००१ ते ०.००२ पुरे. चिऱ्याची भोकं आणि दर्जा (चिऱ्यांमधले सांधे) यांना बंप अपुरा पडतो, तिथे डिस्प्लेसमेंट (पृष्ठ खरंच आत-बाहेर सरकवणं) द्या, ४ ते ८ मिलिमीटर. दर्ज चिऱ्याच्या तोंडापेक्षा आत बसलेली दिसली पाहिजे आणि तिच्यात सावली पडली पाहिजे. हल्लीचा चिरा यंत्राने कापलेला असतो, त्यावर करवतीच्या समांतर रेघा उमटतात. या रेघा दाखवल्या की ओळखणारा माणूस लगेच 'हा आपला चिरा' म्हणतो. परदेशी साइटवरचं 'रेड स्टोन' टेक्स्चर इथे चालत नाही.

दर्जा आत जाण्याऐवजी बाहेर फुगलेल्या दिसल्या तर नॉर्मल मॅप (पृष्ठाचा कल रंगांत साठवलेलं चित्र) डायरेक्टएक्स पद्धतीचा आहे. ब्लेंडरला ओपनजीएलचा लागतो. हिरवा चॅनल उलटा करा. आणि रफनेस (पृष्ठाचा खडबडीतपणा), नॉर्मल, डिस्प्लेसमेंट या सगळ्या चित्रांचं कलर स्पेस नॉन-कलर असलं पाहिजे. एसआरजीबी राहिलं तर रफनेसचे आकडे चुकीचे वाचले जातात आणि गिलावा रेक्झिनसारखा चकाकतो. तुमच्या शीर्षकातल्या 'प्लास्टिक'मागे हीच चूक असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

पडवी

तपासलं. नऊपैकी सहा मटेरियलमध्ये रफनेस एसआरजीबीवर होता, पांढरा २५५ होता, उत्तर दिशाही चुकीची होती. हे बदलल्यावर भिंत बसली. कौलांचं काय करू? सध्या एक प्लेन आणि नॉर्मल मॅप आहे.

रीप_आणि_वासे

कौलांना नॉर्मल मॅप चालणार नाही. पागोळीची कड आणि पाख्याची तिरकी कड आकाशावर उमटते, तिथे नॉर्मल मॅप सपाट रेघच दाखवणार.

एक कौल मॉडेल करा. मंगलोरी कौल साधारण ४१० बाय २३५ मिलिमीटर, पण साइटवर येणारं कौल मोजून घ्या, कारण मापं दोन-तीन प्रकारची मिळतात. जाडी खरी द्या, खालची बाजूसुद्धा, कारण पडवीत उभं राहिलं की तीच दिसते. मग जॉमेट्री नोड्सने पाख्यावर इन्स्टन्स (एकाच मूळ कौलाकडे बोट दाखवणाऱ्या नकला) पसरवा. इन्स्टन्सच, प्रती नकोत. हजार-दोन हजार कौलं इन्स्टन्समध्ये एका कौलाइतकीच मेमरी खातात.

आता जवळून बघा. रीप कधी दोरीत सरळ नसते, म्हणून कौलांची ओळ मध्ये किंचित झोल खाते. प्रत्येक कौल अर्धा ते एक अंश फिरलेलं, दोन ते चार मिलिमीटर पुढे-मागे. याहून जास्त केलंत तर घर मोडकळीला आल्यासारखं वाटेल. रंगाला ऑब्जेक्ट इन्फोमधला रँडम घ्या आणि कलर रॅम्पमधून विटकरीच्या अगदी जवळच्या चार छटा काढा. भट्टीत जास्त भाजलेलं कौल काळपट येतं, ते शंभरात चार-पाच ठेवा. आढ्यावरची कौलं सिमेंट-वाळूत बसवलेली असतात, तो मालाचा पट्टा दाखवा, वाकडातिकडा. पागोळीला कौलांची टोकं उघडी दिसतात, फळी असेल तर तिच्यावर पाण्याचे ओघळ.

पडवीच्या आतून वासे आणि रिपा दिसल्या पाहिजेत. छताखाली सपाट पांढरं स्लॅब ठेवून वर कौलं घातली की पडवीतला अंधारही खोटा दिसतो.

चुनखडी

पडवीतल्या अंधाराबद्दल. लाइट पाथमध्ये डिफ्यूज बाउन्स (मॅट पृष्ठांवरून किरणाच्या उड्या) मूळचे ४ असतात, ते ८ करा. पण त्याआधी जमीन बघा. पडवीचा उजेड मुख्यतः अंगणातून वर उसळून येतो. तुमच्या सीनमध्ये घरासमोर दोन मीटर हिरवळ आणि पुढे रिकामी जागा असेल तर उसळायला काही नाहीच. अंगण घरासमोर निदान वीस मीटर पुढे न्या, कॅमेऱ्याच्या मागेपर्यंत. लाल मातीचं अंगण असेल तर पडवीचं छत आणि पांढरा गिलावा खालून तांबूस व्हायला हवा. तो रंग 'चूक' समजून पुसू नका, कोकणातल्या घराची तीच ओळख आहे.

हिरवा_चॅनल

झावळ्यांतल्या काळ्या ठिपक्यांचं उत्तर छोटं आहे: ट्रान्सपरंट बाउन्स (किरण किती पारदर्शक पृष्ठांतून जाऊ शकतो तो आकडा) मूळचे ८ असतात. पान अल्फाने (चित्रातल्या पारदर्शक भागाने) कापलेलं असेल तर किरण प्रत्येक पानातून जाताना एक बाउन्स खर्च करतो, आठ संपले की काळं. ३२ करा. पानाला ट्रान्सलुसंट (उजेड आरपार झिरपू देणारा) शेडर ३० ते ४० टक्के मिसळा, उन्हाविरुद्धचं पान पिवळसर हिरवं पेटलं पाहिजे.

जास्त महत्त्वाचं म्हणजे झाडं कुठली. तयार लायब्ररीत मेपल आणि बर्च भरपूर. दापोलीच्या अंगणात ते उभे राहिले की बाकीची मेहनत वाया. माड, पोफळ, आंबा, जास्वंद, अनंत, कुंपणाला मेंदी किंवा गडगा. चार चांगली झाडं घ्या आणि फिरवून, ०.८ ते १.२ पटीत लहान-मोठी करून वापरा. माड कधीच काटकोनात उभा नसतो, त्याला बाक द्या. गडग्याच्या बुडाशी वाळलेला पाचोळा टाका, जमीन आणि दगड यांची सांधरेघ त्याने झाकली जाते. वस्तू जमिनीला जिथे टेकते तिथे करकरीत रेघ दिसली की डोळा लगेच ओळखतो.

क्लायंट_समोर

इथे एक वेगळं मत. काळे ओघळ, पाचोळा, झोल खाल्लेल्या रिपा दाखवून आपण चित्र खरं करतो, पण ज्याचं घर आहे त्याला नवं घर बघायचंय. पागोळीवर ओघळ दिसले की तो पहिल्यांदा वॉटरप्रूफिंगबद्दल विचारतो. शेवाळ आणि गंज मी तरी दर्शनी व्ह्यूमध्ये घालायला सांगणार नाही.

जोतं

हा मुद्दा रास्त आहे, पण दोन गोष्टी वेगळ्या काढू. जुनेपणा एक आणि हातकामाचा असमानपणा दुसरा. जुनेपणा टाळा. असमानपणा नव्या घरातही पहिल्या दिवसापासून असतो: दोन चिऱ्यांच्या रंगातला फरक, गिलाव्यावर पाटा फिरल्याच्या अस्पष्ट लाटा, फरशीच्या चकाकीत एका लादीपासून दुसरीपर्यंतचा फरक. हे ठेवलं तर घर नवंही दिसतं आणि खरंही.

गिलाव्याच्या लाटांसाठी दोन-तीन मीटर मोठ्या आकाराचा नॉइज, बंप दोन मिलिमीटर, बस. सरळ बघताना काही दिसणार नाही, तिरक्या उन्हात भिंत जिवंत होईल. आणि एक खूण नव्या घरालाही चालते, कारण ती एका पावसात येते: जोत्याच्या खालच्या फूट-सव्वा फुटावर पागोळ्यांच्या पाण्याने उडालेले लाल मातीचे शिंतोडे. खाली दाट, वर विरळ, आणि पागोळी जिथे पडते त्या रेषेसमोर जास्त. जोत्याच्या उंचीवर ग्रेडियंट, त्याला बारीक नॉइजने गुणा, १५ टक्क्यांच्या वर नको. घर जमिनीत रोवलेलं वाटतं.

क्लायंट_समोर

शिंतोडे आणि लाटा मान्य. ओघळांना विरोध कायम.

सरळ_उभी_रेघ

कॅमेऱ्याबद्दल कोणी बोललं नाही. उंची दीड ते एक मीटर साठ, लेन्स २४ ते ३५ मिलिमीटर. १८ च्या लेन्सला ९० अंशांचा कोन येतो, घर मधोमध फुगतं आणि पडवीचे कडेचे खांब ताणले जातात. जागा मावत नसेल तर कॅमेरा मागे न्या, समोरचं कुंपण लपवा, पण लेन्स रुंद करू नका.

कॅमेऱ्याचं एक्स रोटेशन बरोबर ९० ठेवा आणि घराचा माथा आणण्यासाठी शिफ्ट वाय (कॅमेरा न वाकवता चौकट वर सरकवणं) ०.१ ते ०.२ द्या. उभ्या रेघा उभ्याच राहतात.

डेप्थ ऑफ फील्डचा (फोकसबाहेरचं धूसर करण्याचा) मोह आवरा. २४ ची लेन्स एफ ८ च्या अपर्चरला अडीच मीटरवर फोकस केली तर सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. म्हणजे खऱ्या फोटोत मागचा माड धूसर होऊच शकत नाही. तो धूसर केला की घर खेळण्यातल्या मॉडेलसारखं दिसतं.

पडवी

दोन शेवटचे प्रश्न. पोटमाळ्याच्या पाख्यात दोन काचेची कौलं आहेत. त्यांच्याखाली उजेडाचा चौकोन पडायला हवा, पण उलट गडद सावली पडते. आणि ८के टेक्स्चर घातल्यावर कार्डची मेमरी संपते.

हिरवा_चॅनल

मेमरी आधी. एक ८के चित्र उघडल्यावर २५६ एमबी घेतं, ४के ६४ एमबी. दहा मटेरियल, प्रत्येकी चार चित्रं, सगळी ८के म्हणजे १० जीबी तिथेच गेले. ८के फक्त कॅमेऱ्यासमोरच्या चिऱ्याला. बाकी ४के, झाडांना २के, रफनेसला २के पुष्कळ.

रीप_आणि_वासे

काचेच्या कौलाचं कारण असं: सावलीचा किरण काचेच्या शेडरमधून आरपार जात नाही, सायकल्स त्याला अडलेला समजतं. काचेतून वाकून येणारा उजेड कॉस्टिक्समध्ये मोजला जातो, आणि तो आपण गोंगाट टाळायला बंद ठेवलेला असतो. म्हणून मिक्स शेडर घ्या, पहिल्या जागी ग्लास, दुसऱ्या जागी ट्रान्सपरंट, आणि फॅक्टरला लाइट पाथ नोडमधला इज शॅडो रे जोडा. आता ऊन खाली येईल. ट्रान्सपरंटचा रंग पूर्ण पांढरा ठेवू नका. काचेच्या दोन्ही पृष्ठांवर मिळून आठेक टक्के उजेड परततो, वर धूळ आणि काचेची हिरवट झाक. कौलाला दोन पृष्ठं आहेत आणि हा रंग दोनदा लागतो, म्हणून ०.८५ ठेवा, एकूण ०.७ च्या जवळ जाईल.

खिडक्यांच्या काचांनाही हेच. मात्र खिडकीची काच एका पानाची असेल तर ग्लास शेडर तिला ठोकळ्यासारखी समजतो आणि बाहेरचं दृश्य सरकतं. ५ मिलिमीटर जाडी द्या, किंवा ट्रान्सपरंट आणि ग्लॉसी फ्रेनेलने (बघण्याच्या कोनाप्रमाणे) मिसळून पातळ काच करा.

जमिनीवर पडलेल्या उजेडाच्या चौकोनाची कड किती धूसर हवी ते वर आलंच आहे. पोटमाळ्याची जमीन तीन मीटर खाली असेल तर बोटभर.

उत्तरछाया

शेवटच्या रेंडरआधी डिनॉइझर बघा. चिऱ्याची भोकं आणि सँडफेस्ड गिलावा हेच तो दाणे समजून पुसतो. ओपन इमेज डिनॉइझ निवडा, पासेसमध्ये अल्बिडो (पृष्ठाचा मूळ रंग) आणि नॉर्मल दोन्ही ठेवा, नॉइज थ्रेशोल्ड ०.०१. मूळ दाणेदार चित्रही जतन करा आणि कंपोझिटरमध्ये दोन्ही ७०-३० मिसळा. उरलेला बारीक दाणा फोटोसारखाच वाटतो. इनडायरेक्ट क्लॅम्प (उसळलेल्या उजेडाची कमाल मर्यादा) १० च्या खाली नेऊ नका, पडवीतला उसळलेला उजेड कापला जाईल.

पुढचा व्ह्यू संध्याकाळचा असेल तर एकच सांगतो. आपल्या अक्षांशावर संधिप्रकाश बावीस-तेवीस मिनिटांतच उतरतो, त्यामुळे आकाश गडद निळं आणि क्षितिजाशी थोडी तांबूस रेघ, एवढंच. युरोपातली लांबलेली गुलाबी संध्याकाळ नको. आतले दिवे २७०० ते ३००० केल्विन, खिडकी बाहेरच्या भिंतीपेक्षा एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) उजळ, आणि दिव्याच्या खोक्यावरचे वॉट ब्लेंडरमध्ये तसेच भरू नका. तिथे वॉट म्हणजे बाहेर पडणारा उजेड, खर्च होणारी वीज नव्हे. दिव्यांचं आपसातलं प्रमाण लुमेनवरून ठरवा, मग सगळे एकत्र वर-खाली करा.